लिफ्टवाल्याच्या चेहऱ्यामागची बाई

ताईचा विश्वास होता खिडकीतून येणाऱ्या उजेडावर आणि धाकट्या भावाच्या हातावर. बाकी उभं जग तिच्या लेखी संशयित. दूधवाला आला की ती आधी त्याच्या डोळ्यांकडे बघायची, मग दुधाकडे. कुणी हसून बोललं की हिच्या मनात पाल चुकचुकली म्हणून समजा, आणि न हसता बोललं तर पालीचं अख्खं कुटुंब. गल्लीने तिचं नाव ‘भिंग’ ठेवलं होतं. हे तिला माहीत होतं, आणि कोणी ठेवलं असावं याचा संशयही होता. तो आलटूनपालटून शेजारच्या न्हाव्यावर आणि समोरच्या चपलावाल्यावर जायचा.

नवऱ्यामागे त्याचं जुन्या पुस्तकांचं दुकान तीच चालवत होती. कुणी पुस्तकं विकायला आलं की ही एकेक पुस्तक उघडून मधलं पान खिडकीपाशी धरायची. उजेडात सगळं दिसतं म्हणे: चिकटवलेली फाट, कसरीची वाट, वाचनालयाचा खरवडून काढलेला शिक्का. विकणारा घाम पुसत उभा. स्वतःच्या आजोबांची पुस्तकं विकायला आलेला माणूससुद्धा तिच्या समोर चोरासारखा दिसू लागायचा.

त्याच दुकानाच्या कोपऱ्यात स्टुलावर तिचा भाऊ बसायचा. त्याला सगळी गल्ली ‘मामा’ म्हणायची, कारण ताईची मुलगी म्हणायची. पूर्वी मामा गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवायचा. आकडा असा काढायचा की गाडी उभी असली तरी पळतेय असं वाटावं. मग स्टिकर आले, गाड्या पळाल्या आणि मामा उभाच राहिला. लग्न केलेलं नव्हतं. ब्रशांचा डबा काखोटीला मारून तो बहिणीकडे आला तो आलाच. एका दुपारी दुकानात पेंगणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा चेहरा त्याने गंमत म्हणून, काळ्या मार्करने, फाटक्या पुस्तकाच्या पानावर काढला. गिऱ्हाईक जागं झालं. ताईला वाटलं, आता भांडण. पण तो माणूस पुस्तक घ्यायचं विसरला आणि ते पान घेऊन गेला. तेव्हापासून मामाचा हाच धंदा.

धंद्यात थोडं नाटक लागतं, ते मामाने नंबरप्लेटींच्या काळातच शिकून घेतलं होतं. गिऱ्हाईक समोर बसलं की तो आधी नुसता बघायचा, मान तिरकी करून, डॉक्टर जीभ बघतो तसा. मग “थांबा हं, तुमचं पान शोधतो,” म्हणून कपाटामागे जायचा. तिथे पानं फडफडवल्याचा आवाज, एक खोकला, एक “अं हं, हे नाही.” शेवटी एक जाडजूड पुस्तक उघडून बाहेर यायचा. “तुमच्या चेहऱ्याला हेच पान.”

खरी गोष्ट अशी की पुस्तक नेहमी तेच, आणि पान म्हणजे आदल्या गिऱ्हाइकाच्या पुढचं. त्या पुस्तकाची लिपी गल्लीत कुणाला वाचता येत नव्हती, मामालाही नाही. पण कागद झकास होता, शाई पसरू न देणारा. सुटं पान हाताखाली सरकतं, म्हणून तो पुस्तकातच चेहरा काढायचा. खालच्या पानावर शाई उतरू नये म्हणून मध्ये पुठ्ठा सरकवायचा, आणि काम झालं की ब्लेडने पान अलगद कापून द्यायचा. लोक घरी जाऊन त्या अगम्य अक्षरांकडे टक लावून बसत. न्हाव्याला तर पक्का संशय होता की त्याच्या हनुवटीखालच्या ओळीत त्याच्याबद्दल काहीतरी वाईटसाईट लिहिलं आहे. दाढीला येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाला तो ते पान दाखवायचा, तेही वस्तरा गळ्याशी असताना, म्हणून सगळेच “चांगलंच लिहिलंय” म्हणायचे.

बायकांच्या बाबतीत मामाचा एक नियम होता. जी सुरकुती काढावी की नको असा प्रश्न पडेल, ती काढायची नाही. मार्करला खोडरबर नसतो, आणि बाईच्या रागालाही. त्यामुळे त्याच्या कागदावरची प्रत्येक बाई स्टुलावरच्या बाईपेक्षा बरीच तरुण असायची. तक्रार अजून एकीचीही आली नव्हती.

ताई मात्र या हाताबद्दल गंभीर होती. दूधवाल्याचा चेहरा काढताना मामाकडून त्याचा एक डोळा बारीक आला, आणि पुढे दुधात पाणी सापडलं. झालं! “माझा भाऊ तोंडावरचं नाही, मनातलं काढतो,” असं ती सांगत सुटली. मामाने खुलासा केला नाही. दूधवाल्याच्या डोळ्याला त्या दिवशी रांजणवाडी झाली होती, एवढंच.

आता अशा घरातल्या मुलीने कुणावर प्रेम करावं की नाही? भाचीने केलं. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. त्या इमारतीची लिफ्ट सारखी बंद पडायची, आणि ती दुरुस्त करायला जो यायचा तो हा. लिफ्ट सुधारल्यावरही तो येत राहिला, तेव्हा दुकानातल्या बाकीच्या मुलींनी काय ते ओळखलं.

ताईला कळलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, “लिफ्टवाला? म्हणजे सतत वर-खाली करणारा माणूस! त्याचा भरवसा काय?”

“आई, तो दुरुस्त करतो. वर-खाली लोक करतात.”

“आणि त्याच्या घरी कोण?”

“आई आहे फक्त. भेटवतो म्हणालाय.”

“कधीपासून म्हणतोय?”

भाची गप्प बसली. ताईने त्या गप्प बसण्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू त्यात कसर लागली आहे.

पुढे घरात असं वातावरण झालं की कप बशीवर ठेवला तरी उलटतपासणी वाटावी. भाची मामापाशी येऊन म्हणाली, “मामा, तिचं मन मोडून मी जाणार नाही आणि त्याला सोडून राहणार नाही. मधे मीच फाटणार. काहीतरी कर ना रे.”

या पोरीला मामाने खांद्यावर घेऊन मोठं केलं होतं. त्याच्या डोक्यात कल्पना आली, आणि त्याला ती फार हुशारीची वाटली. त्याने ताईला गाठलं. “ताई, त्याला रविवारी इथे बसव. मी चेहरा काढतो. हाताला काय दिसतं ते बघ, आणि मग हो की नाही ठरव.”

ताईने डोळे बारीक केले. “तू तिच्या बाजूने नाहीस ना?”

“मी मार्करच्या बाजूने आहे.”

“काढ मग. चेहरा स्वच्छ निघाला तर मी आडवी येणार नाही.”

मामा मनात म्हणाला, पोरीचं काम झालं. चेहरा स्वच्छ काढणं त्याच्याच हातात होतं की!

पण रविवार यायच्या आधी एक दुपार आली, आणि त्या दुपारी एक बाई आली. ताई वर जेवायला गेली होती. बाईच्या डोळ्यांवर अर्धा चेहरा झाकणारा काळा गॉगल, पर्स पोटाशी घट्ट धरलेली.

“चेहरे काढता ना? माझा काढा.”

“गॉगल काढावा लागेल, बाई.”

“लागेलच का?”

“ठेवलात तर मी नुसता गॉगलच काढीन. तुमचाच आहे हे कुणाला कळायचं नाही.”

बाईने नाइलाजाने गॉगल काढला. मामाने कपाटामागचं नाटक उरकलं, नवा कोरा मार्कर उघडला आणि सुरुवात केली. चेहरा काढून घ्यायला येणारा माणूस मार्करच्या टोकाकडे बघतो. ही बाई जिन्याकडे बघत होती.

“वर कोण राहतं हो?”

“आम्हीच.”

“आम्ही म्हणजे कोण कोण?”

“तुम्ही जनगणनेच्या का?”

“इश्श! सहज विचारलं. मुलगीबिलगी आहे वाटतं घरात?”

“मुलगी आहे. बिलगी नाही.”

“स्वभावाने कशी? रागीट?”

“राग आला की येतो.”

“आणि तिची आई? लोक म्हणतात, फार संशयी आहे.”

“कोण लोक?”

“लोक म्हणजे… लोकच!”

मामाच्या हातातला मार्कर बाईच्या हनुवटीवर थबकला आणि तिथेच ठिपका धरून बसला. असले प्रश्न एकतर करखात्यातून येतात, नाहीतर वैऱ्याकडून. ताकास तूर लागू न देता त्याने घाईघाईने चेहरा पुरा केला, जाड रेघा ओढल्या, हनुवटीवरच्या ठिपक्याचा तीळ करून टाकला आणि पान कापून बाईच्या हाती दिलं. बाई पान बघत राहिली. चेहरा कागदाजवळ नेला, लांब नेला.

“मी अशी दिसते?”

“दिसता म्हणून तर काढली.”

पुढचे प्रश्न तिच्या पर्समध्येच राहिले. गॉगल चढवून ती गेली. मामाने ताईला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्याची जबानी चालली असती आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानाचं एकच दार उघडलं असतं. आणि या सगळ्या भानगडीत, मध्ये पुठ्ठा सरकवायचा राहून गेला होता, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

मध्ये दुसरं गिऱ्हाईक फिरकलं नाही, आणि रविवारी लिफ्टवाला आला. कान मोठे, शर्टाला इस्त्री इतकी कडक की वाकला तर मोडेल. “नमस्कार, काकू,” म्हणाला. ताईने नमस्कार घेतला आणि त्याचे हात पालथे करून नखं बघितली. भाची जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, ओढणीचं टोक पिळत.

मामाने पुस्तक उघडलं. पुढच्या पानावर छापील अक्षरांच्या गर्दीत जांभळट डाग दिसत होते. जुन्या पानाला डाग असायचेच. डागाळलेलं पान आलं की तो ते उलटायचा आणि मागच्या बाजूला चेहरा काढायचा. तसंच केलं. आज पुठ्ठाही आठवणीने घातला. आणि चेहरा असा उतरला की वा! डोळे सरळ, ओठ थोडे घाबरलेले, कान जसेच्या तसे. लबाडी करायची गरजच पडली नाही, पोरगा मुळातच तसा होता.

“बघ, ताई.”

ताईने पान घेतलं. बराच वेळ बघितलं. मान डोलवली. भाचीने ओढणी सोडली. आणि मग ताई, इतक्या वर्षांच्या सवयीने, ते पान घेऊन खिडकीपाशी गेली आणि उजेडात धरलं.

“अगं आई गं!”

“काय झालं?”

“याच्या चेहऱ्यामागे बाई आहे!”

सगळे धावले. खरंच होती. उजेडात लिफ्टवाल्याच्या नाकडोळ्यांआडून एक फिकट जांभळी बाई बघत होती. गोल चेहरा, तरुण, हनुवटीवर तीळ.

“मी म्हणत नव्हते? माझ्या भावाचा हात! पोराच्या मनात दुसरी बसली आहे आणि हाताने ती ओढून बाहेर काढली.” ताई लिफ्टवाल्याकडे वळली. “कोण ही?”

लिफ्टवाल्याने पान बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. कान लाल झाले.

“ओळखतोस हिला?” भाचीने विचारलं. आवाज अगदी हळू.

तो जमिनीकडे बघत राहिला. नाही म्हणाला असता तर कदाचित चाललं असतं. पण त्याने नाहीही म्हटलं नाही. “मी… मी जातो आता,” एवढं पुटपुटला आणि कडक इस्त्रीसकट निघून गेला.

भाची वर गेली आणि दार लावून घेतलं. ताई जिंकली होती, पण जिंकल्यासारखी दिसत नव्हती. मामाने ते पान उचललं आणि पालथं केलं. उजेडात ती बाई उलटी दिसत होती म्हणून ओळखू आली नव्हती, इकडचं तिकडे झालेलं. सुलट बघितल्यावर ती गॉगलवाली!

म्हणजे शाई उतरली होती. मनाबिनातलं काही नव्हतं. हे आत्ता जाऊन ताईला सांगावं की झालं. मामा दोन पावलं चालला आणि थांबला. शाईचं कोडं सुटलं, पण बाईचं? ती इथे येऊन भाचीची चौकशी का करत होती? आणि पोराने तिला ओळखलं कसं? ओळखून मूग का गिळले? आता खुद्द मामाच्या मनात पाल चुकचुकली. पहिली बायको तर नसेल? ताईचा संशय खुळा होता, मामाचा चांगला हातापायांचा होता, आणि म्हणून जास्त वाईट.

तरी तो आधी ताईपाशीच गेला. “ताई, तो हात वगैरे काही नाही. आदल्या गिऱ्हाइकाची शाई खाली उतरली. पान मी शोधतबिधत नाही, पुढचं येईल ते घेतो.”

“ते मला काय आज कळतंय? कपाटामागे तू काय करतोस ते मी पहिल्या दिवशीच फटीतून बघितलंय.” ताईने पदराने डोळे पुसले. “पण तो दचकला ना? ते काय शाईने केलं?”

मग मामाने गॉगलवाल्या बाईची हकिगत सांगितली. ताई ऐकता ऐकता ताठ होत गेली. दार उघडून भाची कधी खाली आली ते दोघांना कळलंच नाही.

“मामा, ते पान दे,” ती म्हणाली. “मी जाते त्याच्या घरी. जे असेल ते त्याच्या तोंडून ऐकेन. नसेल सांगायचं तर संपलं.”

“एकटी नाही जायचं,” मामा म्हणाला आणि चपला घातल्या. ताई म्हणाली, “जा तुम्ही, माझं काय काम?” गल्लीच्या टोकाला मामाने मागे वळून बघितलं तर ती हातभर अंतर ठेवून येतच होती, दुकानाला कुलूप लावून.

लिफ्टवाल्याचं घर वरच्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती. ताईने याची मनात नोंद घेतली. मामाने बेल दाबली. दार उघडलं, आणि समोर गॉगलवाली, गॉगलाशिवाय. तिच्या मागे भिंतीवर, काचेच्या चौकटीत, मामाने काढलेला तिचाच चेहरा.

“कोण हवंय?” ती म्हणाली, मग मामा दिसला. “अगो बाई! तुम्ही?”

आतून लिफ्टवाला आला. दारातली माणसं बघून त्याने डोळे मिटून घेतले. उघडले तरी माणसं तिथेच.

“आई,” तो म्हणाला, “ही ती. आणि ह्या तिच्या आई.”

भाचीने हातातलं पान बघितलं, भिंतीवरची चौकट बघितली, मग दारातली बाई. सुरकुत्या वजा केल्या की हिशेब जुळत होता.

“तुझी आई?”

“तीच.”

ताईला आधी हायसं वाटलं आणि लगेच राग आला. “म्हणजे गॉगल लावून, चोरपावलांनी माझ्या दुकानात येऊन, माझ्या भावाला खोदखोदून विचारत होतात, त्या तुम्ही?”

“चोरपावलांनी कशाला? भरदुपारी आले होते. माझा एकुलता एक मुलगा कुठल्या घरात चाललाय ते बघायला नको?”

“विचारायची ही पद्धत?”

“अहो, मग महिन्यापूर्वी आमच्या शेजारची रिकामी खोली बघायला कोण आलं होतं? खोलीत पाऊल टाकलं नाही, आणि आमच्या दाराबाहेरच्या चपला मात्र वाकून वाकून बघितल्या. घरमालकाने सांगितलंय मला. ‘दुकानवाली बाई, भिंगासारखे डोळे,’ म्हणाला.”

भाचीने आईकडे बघितलं. “आई, तू?”

“मी… खोली बघत होते,” ताई म्हणाली. “हवेशीर आहे.”

दोघी बायका एकमेकींकडे रोखून बघत राहिल्या. मामाला हसू आवरेना, म्हणून तो खोकला. भाची मात्र हसत नव्हती. ती लिफ्टवाल्यासमोर जाऊन उभी राहिली.

“तू तिथेच ओळखलं होतंस.”

“हो. त्यांनी कितीही तरुण काढली तरी आई ती आईच.”

“मग बोलला का नाहीस?”

“ती येऊन गेली हे मलाही तेव्हाच कळलं, चौकटीतला चेहरा जत्रेत काढून घेतला म्हणाली होती. जाऊ नको म्हणून बजावलं होतं तिला. तुझ्या आईसमोर नाव घेतलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, असल्या हेरगिरीवाल्या घरात मुलगी द्यायची नाही.”

“ती म्हणाली असती ते तिचं. मी काय म्हटलं असतं? मला जिन्यात गाठून सांगता आलं नाही? मी तिथे बसून कुठल्यातरी नसलेल्या बाईशी मनात भांडत होते.” तिने ओढणी खांद्यावर फेकली. “तू गप्प बसणारा असशील, तर आत्ताच सांग. घरात दोन बोलणाऱ्या सासवा-आया, आणि मधे तू जमिनीकडे बघणार, हे मला जमायचं नाही.”

लिफ्टवाला पुन्हा जमिनीकडेच बघायला निघाला होता, अर्ध्या वाटेत थांबला. मान वर केली.

“आई, तू गेलीस ते चुकलं,” तो म्हणाला. “मला न सांगता गेलीस ते जास्त चुकलं. आणि काकू, तुम्हीसुद्धा. खोली घ्यायची नव्हती तर म्हाताऱ्या घरमालकाला सगळे जिने फुकट चढवले. लिफ्ट बंद असताना.”

ताईने पदर सावरला.

“बघितलंत?” ताई त्याच्या आईला म्हणाली. “आईसारख्या बाईशी हा असा बोलतो. लहानपणापासून असाच का?”

“नाही हो,” ती माउली भांबावून म्हणाली. “आजच पहिल्यांदा. मला वाटतं तुमच्या मुलीनेच—”

“आमच्या मुलीने काय?”

“काही नाही. या, आत या, दारात किती वेळ उभ्या राहाल.”

भाचीने ते पान घडी न करता लिफ्टवाल्याच्या हातात दिलं. “मी तयार आहे,” ती म्हणाली. “पण आपण दोघं वेगळं राहायचं. हिच्याकडे नाही, तुझ्या आईकडेही नाही. आणि शेजारच्या त्या हवेशीर खोलीत तर मुळीच नाही. लांब घर बघायचं.”

“किती लांब?” दोघी एकदमच म्हणाल्या.